नाव आधी कुणाला तरी फोनवर सांगून बघ

बाय, कावी चित्रं (तांबड्या-पांढऱ्या रंगातली आपली पारंपरिक भित्तिचित्रांची शैली) घरूनच विकणार आहेस हे वाचून फार बरं वाटलं. धंद्याच्या नावासाठी महिनाभर अडून बसू नकोस, पण एवढं बघ.

सगळ्यात मोठी गोष्ट: नाव ऐकून लिहिता आलं पाहिजे. माझं पहिलं नाव होतं 'वृक्षाक्षी'. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गिऱ्हाईक तिथंच मोबाइल काढून रोमीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, शोधायचं. 'व्रु' की 'व्री'? 'क्ष' कसा लिहायचा? सापडायचंच नाही. शेवटी नाव बदललं, छापलेली लेबलं वाया गेली.

नवीन माणसं हमखास करतात त्या चुका:
- नाव एकाच वस्तूला बांधणं. 'कावी कॉर्नर' ठेवलंस आणि उद्या अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या चित्रांच्या, टाइल्स रंगवाव्याशा वाटल्या तर?
- 'गोवा', 'सुशेगाद' (गोव्याचा निवांतपणा) असले शब्द जोडणं. गर्दीत हरवतं.
- न शोधताच बोर्ड करणं. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. तिथं वस्तूंचे वर्ग पाडलेत, चित्रं १६ व्या वर्गात येतात.

ट्रेडमार्कची नोंदणी सवडीने कर. तोवर नावापुढे गोलातला 'आर' (®) मात्र लावू नकोस, कायद्याने तो नोंदणी झालेल्यांनाच लावता येतो.

आज आजीला नाव सांग, उद्या विचार. तिला आठवलं तर लेबलं छापायला टाक, पहिल्यांदा ५०च.