वाचकांचे प्रश्न : केसाची साक्ष आणि डीएनए

केस आणि डीएनए यांच्या आधारे होणाऱ्या गुन्हे-तपासाविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

दूरचित्रवाणीच्या मालिकांमध्ये घटनास्थळी एक केस सापडतो, तो प्रयोगशाळेत जातो आणि थोड्याच वेळात गुन्हेगाराचे नाव समोर येते. प्रत्यक्षात असे होते का? (सातारा)

प्रयोगशाळेतून नाव बाहेर येत नाही. तिथे होते ती तुलना, आणि तुलनेसाठी दुसरा नमुना हाताशी असावा लागतो. तो संशयिताचा असतो, नाही तर आधी साठवून ठेवलेल्या नोंदींमधला असतो. अमेरिकेत अशा नोंदींची राष्ट्रव्यापी व्यवस्था आहे आणि तिथे २०१७ पासून गुणसूत्रांवरची २० ठरावीक स्थाने तपासली जातात. आपल्याकडे अशी डीएनए पेढी उभारण्याची तरतूद असलेले विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते, पण २०२३ मध्ये ते मागे घेण्यात आले. त्यामुळे भारतात संशयित आधी सापडतो आणि डीएनए तपासणी नंतर होते, हाच बहुतेक प्रकरणांतला क्रम असतो.

खरा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे, आणि तो म्हणजे सापडलेला केस कोणत्या प्रकारचा आहे. आपल्या डोक्यावरचे साधारण ८५ ते ९० टक्के केस कोणत्याही क्षणी वाढीच्या अवस्थेत असतात आणि त्यांची मुळे त्वचेत घट्ट रुतलेली असतात. उरलेल्यांपैकी बहुतेकांची वाढ थांबलेली असते, आणि रोज जे ५० ते १०० केस आपोआप गळतात ते या दुसऱ्या गटातले असतात. गळलेल्या केसाचे टोक भिंगाखाली पाहिले तर ते सुकलेले, पांढुरके आणि लहानशा गाठीसारखे गोलसर दिसते. झटापटीत उपटल्या गेलेल्या केसाचे मूळ मात्र मऊ आणि ताणलेले असते, आणि पुष्कळदा त्याच्याभोवती अर्धपारदर्शक आवरण चिकटून आलेले असते. त्या आवरणात जिवंत पेशी असतात, पेशींमध्ये केंद्रक असते आणि केंद्रकात व्यक्तीचा संपूर्ण डीएनए असतो. असा केस मिळाला, तर एकसारखी दिसणारी (एकाच बीजांडातून जन्मलेली) जुळी भावंडे वगळता एका माणसाला दुसऱ्यापासून निःसंशय वेगळे ओळखता येईल इतका तपशील त्यातून काढता येतो. मृत व्यक्तीच्या मुठीत अडकलेल्या केसांना तपास अधिकारी एवढे जपतात, त्याचे कारण हेच आहे.

मूळ नसलेल्या केसाची गोष्ट निराळी आहे. केस तयार होताना पेशी कडक होत जातात, त्यांची केंद्रके नष्ट होतात आणि केंद्रकातल्या डीएनएचे अगदी लहान तुकडे उरतात. अशा केसातून नेहमीच्या पद्धतीने मिळतो तो मायटोकाँड्रियाचा, म्हणजे शालेय पुस्तकांतल्या तंतुकणिकेचा डीएनए. तो केवळ १६,५६९ अक्षरांचा असतो, परंतु एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असल्यामुळे तो टिकून राहतो. त्याची अडचण अशी की तो फक्त आईकडून येतो. आई, सख्खी भावंडे, मामा, मावशी आणि मावशीची मुले या सर्वांचा हा डीएनए सारखाच असतो. मामेभावाचा मात्र वेगळा असतो, कारण तो त्याला त्याच्या आईकडून, म्हणजे आपल्या मामीकडून मिळालेला असतो. म्हणून या तपासणीतून एखाद्या माणसाला ठामपणे वगळता येते, पण ‘हा केस त्याचाच’ असे म्हणता येत नाही.

मूळ नसलेल्या केसातले केंद्रकीय डीएनएचे तुकडे जोडून वाचण्याचे तंत्र गेल्या काही वर्षांत पुढे आले असून, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ केंद्रातील एड ग्रीन यांचे काम त्यात महत्त्वाचे आहे. न्यू हॅम्पशायर राज्यात १९८५ आणि २००० मध्ये पिंपांत सापडलेल्या चार मृतदेहांपैकी तिघांची ओळख २०१९ मध्ये पटली, त्यात या तंत्राचा वाटा होता. मात्र ते खर्चिक आहे आणि नेहमीच्या तपासाचा भाग अजून झालेले नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन केस शेजारी ठेवून जुळवण्याची पद्धत पूर्वी सर्रास वापरली जात असे. डीएनए आल्यावर ती निरुपयोगी ठरली का? (नागपूर)

निरुपयोगी ठरलेली नाही, पण तिची मर्यादा फार मोठी किंमत मोजून कळली आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक वाटते.

सूक्ष्मदर्शक काही गोष्टी उत्तम सांगतो. केस माणसाचा आहे की प्राण्याचा, हे तो पहिल्या पाहणीत सांगू शकतो. माणसाच्या केसातली मधली नळी केसाच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून अरुंद असते किंवा दिसतच नाही, तर बहुतेक प्राण्यांच्या केसात ती निम्म्याहून अधिक जागा व्यापते. पृष्ठभागावरच्या खवल्यांची रचनाही मांजर, उंदीर आणि माणूस यांच्यात वेगवेगळी असते. केस कापला आहे, तुटला आहे, जळला आहे की उपटला आहे, हेही दिसते. कोणत्या केसावर डीएनए तपासणीचा खर्च करावा, हे ठरवण्यासाठी ही पाहणी आजही आधी केली जाते.

चूक झाली ती त्यापुढे जाण्यात. रंग, जाडी आणि रंगकणांची मांडणी सारखी दिसली की दोन केस एकाच व्यक्तीचे आहेत, असे सुचवणाऱ्या साक्षी अमेरिकेत अनेक दशके दिल्या गेल्या. वॉशिंग्टनमधील सँटे ट्रिबल या तरुणाला १९७८ मधील एका टॅक्सीचालकाच्या खुनासाठी १९८० मध्ये दोषी ठरवण्यात आले. हल्लेखोराने तोंडावर ओढलेल्या मोज्यात १३ केस सापडले होते, आणि त्यांपैकी एक ट्रिबल यांच्या केसाशी जुळतो, अशी साक्ष एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या तज्ज्ञाने दिली होती. पुढे मायटोकाँड्रियाच्या डीएनएची तपासणी झाली तेव्हा त्या १३ पैकी एकही केस त्यांचा नसल्याचे आणि एक तर कुत्र्याचा असल्याचे निष्पन्न झाले. २०१२ मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली, परंतु तोवर त्यांचे तारुण्य तुरुंगात गेले होते. माणसाचा केस आणि कुत्र्याचा केस हा फरक तर सूक्ष्मदर्शकाने सर्वात आधी सांगायला हवा होता, आणि तोही निसटला, ही या प्रकरणातली सर्वात अस्वस्थ करणारी बाब आहे.

२००२ मध्ये एफबीआयच्याच शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सूक्ष्मदर्शकाखाली जुळलेल्या ८० केसांपैकी ९ केस डीएनए तपासणीत दुसऱ्याच व्यक्तीचे निघाले. त्यानंतर जुन्या खटल्यांचा फेरआढावा घेण्यात आला आणि एप्रिल २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष जाहीर झाले. आरोपीविरुद्ध साक्ष दिल्या गेलेल्या ज्या २६८ खटल्यांची कागदपत्रे तोवर तपासून झाली होती, त्यांपैकी २५७ खटल्यांत तज्ज्ञांनी विज्ञानाला न पेलणारी विधाने केली होती. मृत्युदंडाच्या ३५ खटल्यांपैकी ३३ मध्ये असे दोष आढळले, आणि त्यातल्या नऊ जणांचा मृत्युदंड त्यापूर्वीच अमलात आला होता. हे सगळे निर्दोष होते असा याचा अर्थ नाही, कारण काही खटल्यांत इतर भक्कम पुरावेही होते. पण ‘दिसायला सारखा’ आणि ‘त्याचाच’ यांतले अंतर एखाद्याच्या आयुष्याएवढे असू शकते, आणि ते अंतर न्यायालयाला स्पष्टपणे सांगणे हे तज्ज्ञाचे कर्तव्य आहे.

केसांना कलप लावला असेल तर तपासणीत अडथळा येतो का? (सोलापूर)

मुळाशी असलेल्या पेशींवर कलपाचा परिणाम होत नाही, आणि डीएनएचा क्रमही त्याने बदलत नाही. रंग उडवण्यासाठी वापरलेल्या तीव्र रसायनांनी केसातला डीएनए आणखी कमी होऊ शकतो, एवढेच. उलट कलपाची तपासाला मदतच होते, कारण केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि मुळाजवळचा न रंगलेला भाग मोजून कलप केव्हा लावला याचा अंदाज बांधता येतो.

केसाचा डीएनए जुळला की आरोपीला शिक्षा होतेच, असे समजावे का? (पुणे, कोल्हापूर)

असे समजू नये. कायद्याच्या दृष्टीने डीएनए अहवाल हे तज्ज्ञाचे मत आहे आणि त्याचे वजन प्रकरणागणिक बदलते. अहवाल जास्तीत जास्त हेच सांगतो की केस कोणाचा आहे. तो तिथे केव्हा आला आणि कसा आला, हे केस सांगत नाही. ज्या घरात आरोपीचे नित्य येणे-जाणे होते, त्या घरात त्याचा केस सापडण्याला फारसा अर्थ नसतो. बसच्या आसनावरून, टॉवेलवरून किंवा दुसऱ्याच्या कपड्यावरूनही केस एका जागेहून दुसरीकडे जातो.

यापेक्षाही कळीचा मुद्दा आहे तो नमुना घटनास्थळापासून प्रयोगशाळेपर्यंत कसा पोहोचला याचा. दिल्लीतील छावला परिसरातून २०१२ मध्ये एका १९ वर्षांच्या मुलीचे अपहरण आणि हत्या झाली. कनिष्ठ न्यायालयाने तिन्ही आरोपींना फाशी सुनावली व उच्च न्यायालयाने ती कायम केली. मुलीच्या मृतदेहावर एका आरोपीचा केस सापडल्याचे पोलिसांचे म्हणणे होते. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिघांचीही मुक्तता केली. मृतदेह तीन दिवस आणि तीन रात्री उघड्या शेतात पडून होता, तेव्हा त्यावर केस सापडल्याचा दावा अत्यंत संशयास्पद आहे, असे न्यायालयाने म्हटले. नमुने १४ आणि १६ फेब्रुवारीला घेतले गेले, पण प्रयोगशाळेकडे २७ फेब्रुवारीला पाठवले गेले, आणि मधले दिवस ते पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जप्त वस्तूंच्या खोलीत, पडून होते. त्यामुळे त्यांत फेरफार झाल्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही न्यायालयाने नमूद केले. या निकालाने देशभर संताप व्यक्त झाला आणि त्या मुलीच्या आई-वडिलांचे दुःख कोणालाही समजू शकेल. माझ्या मते त्यांच्यावरचा अन्याय त्या अकरा ते तेरा दिवसांतच सुरू झाला होता.

यानंतर काही बदल झाले आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे अपेक्षित आहे. राज्यांना त्याच्या अंमलबजावणीसाठी पाच वर्षांची मुदत आहे. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. त्यांनुसार डीएनएचे नमुने गोळा केल्यापासून ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचले पाहिजेत, आणि ते कोणाकडून कोणाच्या हाती गेले याची नोंदवही ठेवली पाहिजे. महाराष्ट्रात मुंबईत कालिना येथे मुख्य प्रयोगशाळा आहे आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक यांसारख्या ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या दुर्गम भागातून हे ४८ तास पाळायचे तर वाहन, मनुष्यबळ आणि शीतपेटी या तिन्हींची तरतूद ठाण्याच्या पातळीवर करावी लागेल. निर्देश कागदावर राहणार की प्रत्यक्षात येणार, हे त्यावर ठरेल.

मला एका घरफोडीत पंच म्हणून बोलावले होते. सापडलेले केस, सिगारेटची थोटके आणि एक रुमाल एकाच प्लास्टिकच्या पिशवीत भरले गेले आणि मी सही केली. हे योग्य होते का? पंचाने काय पाहावे? (जळगाव जिल्हा)

हे योग्य नव्हते. तिन्ही वस्तू एकत्र भरल्यामुळे थोटकावरची लाळ केसाला लागू शकते, आणि मग केसावर मिळालेला डीएनए नेमका कशाचा, याचे उत्तर कोणालाच देता येत नाही. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि डीएनए नष्ट होतो. केस चिमट्याने उचलून कोऱ्या कागदाच्या घडीत आणि ती घडी कागदी पाकिटात ठेवायची असते. एका जागचे केस एका पाकिटात आणि दुसऱ्या जागचे दुसऱ्या पाकिटात जातात. ओला केस आधी सावलीत सुकवला जातो. प्रत्येक वस्तू उचलण्यापूर्वी हातमोजे बदलावेत, तोंडावर मुखपट्टी असावी आणि वस्तू जिथे पडली होती त्या जागीच तिचे छायाचित्र घेतलेले असावे.

पंचाला प्रयोगशाळेतले विज्ञान कळण्याची गरज नाही. त्याने पाहायचे ते एवढेच की जे समोर घडले तेच पंचनाम्यात लिहिले आहे का. ‘बैठकीच्या खोलीत काही केस मिळाले’ या वाक्याला अर्थ नाही. किती केस, कोणत्या वस्तूवर, दारापासून किती अंतरावर आणि किती वाजता, हे त्यात आले पाहिजे. पाकीट तुमच्या समोर लाखेने बंद व्हावे, त्यावर लावलेल्या मोहोरेचा नमुना पंचनाम्यावर उमटवलेला असावा आणि तुमची सही पाकिटावरच्या चिठ्ठीवरही असावी. नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करणे बंधनकारक आहे, त्यामुळे चित्रीकरण होत नसेल तर ते का होत नाही, असे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नये. खटला उभा राहायला काही वर्षे लागू शकतात आणि तेव्हा उलटतपासणीत हेच तपशील विचारले जातात. म्हणून घरी गेल्यावर त्या दिवशीची तारीख, वेळ आणि पाहिलेल्या गोष्टी स्वतःच्या वहीत लिहून ठेवाव्यात.