वाचकांचे प्रश्न : बागेतले साहित्य

प्रश्न : आमच्या मुलीला जर्मनीतील एर्लांगेन येथील विद्यापीठात प्रवेश मिळाला असून तिला सोडण्यासाठी आम्ही दोघे ऑगस्टअखेरीस तेथे जाणार आहोत. त्याच सुमारास तेथील राजवाड्याच्या बागेत ‘पोएटेनफेस्ट’ हा साहित्य महोत्सव भरतो, असे कळले. आम्ही मराठीचे वाचक. मुलीचे जर्मन जेमतेम आणि आमचे त्याहूनही कमी. अशा ठिकाणी जाऊन आमच्या हाती काय लागेल? शिवाय उघड्यावर, माणसांच्या ये-जा करण्यात गंभीर साहित्य ऐकले तरी कसे जाते?

उत्तर : जरूर जा, आणि शक्य असेल तर शनिवार-रविवारच्या दोन्ही दुपारी बागेसाठी राखून ठेवा. १९८० साली सुरू झालेला हा महोत्सव साधारणपणे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गुरुवार ते रविवार चालतो. नावात कवी असले, तरी तेथे कादंबरी, कथा आणि निबंधही वाचले जातात. जर्मन प्रकाशकांची शरद ऋतूतील नवी पुस्तके याच सुमारास येऊ लागतात आणि पुढे ऑक्टोबरात फ्रँकफर्टचा पुस्तक मेळा भरतो. त्यामुळे अनेक लेखक आपले अगदी नवेकोरे पुस्तक घेऊन एर्लांगेनला येतात आणि काही मजकूर तर वाचकांच्या हाती पडण्यापूर्वीच या श्रोत्यांच्या कानी पडतो.

आपल्याकडच्या संमेलनाची सवय असलेल्या माणसाला पहिली गोष्ट जाणवते ती ही, की येथे अध्यक्षीय भाषण नाही, ठराव नाहीत. सगळा कार्यक्रम वाचनाभोवती उभा आहे. मुख्य मंचावर लेखक आपला उतारा वाचतो आणि नंतर बागेतल्याच दुसऱ्या मंचावर त्याच्याशी गप्पा होतात, म्हणजे ज्याला नुसते ऐकायचे आहे तो जागचा हलत नाही आणि ज्याच्या मनात काही प्रश्न उठला आहे तो उठून तिकडे जातो. दुपारच्या या वाचनांना प्रवेशमूल्य नसते. लोक सतरंज्या पसरून झाडांखाली बसतात, आणि ऊन सरकले की सतरंजीही सावलीमागे सरकवतात, पण तीही अशी हळू, की शेजाऱ्याचे ऐकणे मोडू नये. उघड्यावर ऐकणे कसे जमते, या तुमच्या शंकेचे उत्तर त्या सावधपणातच आहे. सभागृहात दार बंद करून मिळवलेली शांतता वेगळी आणि उठून जाण्याची पूर्ण मोकळीक असताना माणसांनी आपण होऊन राखलेली शांतता वेगळी. मला दुसरी अधिक मोलाची वाटते.

आता भाषेविषयी, कारण तुमची खरी अडचण तीच आहे. प्रत्येक शब्द कळणार नाही, हे मान्य करूनच जावे. परंतु हे शहर परक्या भाषेशी फार पूर्वीपासून परिचित आहे. फ्रान्समध्ये धर्मामुळे छळ झालेले ह्युगेनॉट लोक १६८६ साली आश्रयाला आले, तेव्हा त्यांच्यासाठी येथे नवे नगर आखण्यात आले. बागेतले जुने कारंजे आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १७४३ पासून येथे असलेल्या विद्यापीठात फ्रिडरिश र्‍यूकर्ट हे कवी १८२६ ते १८४१ या काळात पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक होते. महाभारतातील नल-दमयंतीची कथा त्यांनी जर्मन पद्यात आणली आणि जयदेवाचे ‘गीतगोविंद’ही. ज्या कथा आपण आजीकडून ऐकल्या, त्यांच्यासाठी जर्मन छंद शोधत एक प्राध्यापक याच गावात बसला होता, हे मनाशी ठेवून बागेत शिरलात, तर तुम्हाला तेथे परके वाटणार नाही.

ती परंपरा महोत्सवातही जिवंत आहे. अनुवादित कवितेसाठी येथे २००५ पासून एक स्वतंत्र पुरस्कार दिला जातो आणि अनुवादकांसाठी कार्यशाळाही असते. माझा आग्रह असा, की कार्यक्रमपत्रिकेत कवितेचे द्वैभाषिक वाचन दिसले, तर ते आधी निवडावे. मूळ कविता आणि तिचा जर्मन अनुवाद पाठोपाठ कानावर पडला, की दोन्ही भाषा न येणाऱ्यालाही ओळ कोठे लांबली, कोठे थबकली, हे ऐकू येते. आणि मुलीला तर वर्गात न मिळणारा जर्मनचा धडा मिळेल. ज्या लेखकाचे वाचन ऐकायचे आहे, त्याचे एखादे जुने पुस्तक इंग्रजीत उपलब्ध असेल तर आधी वाचून जाणे फार उपयोगी पडते.

प्रश्न : पाऊस आला तर?

उत्तर : वाचन रद्द होत नाही, छपराखाली हलते, जवळच १७१९ साली उघडलेले मार्कग्राफेन नाट्यगृह आहे. त्या दिवशी मात्र जागा मर्यादित असते, म्हणून आभाळ भरलेले दिसले तर सतरंजी खोलीवर ठेवून थोडे लवकर निघावे.