पित्त हा शरीराचाच साबण, मग यकृत शाबूत कसे?

प्रश्न : सुरमई साफ करताना विळीचे पाते लागून पित्ताची पिशवी फुटली. हिरवट पाणी धुताना बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागले. पित्त चरबी विरघळवते, असे शाळेत शिकवले होते. पेशींची पटलेही मेदांचीच असतात, तर पित्त तयार करणारे यकृत स्वतःच कसे विरघळत नाही?
— एक वाचिका, हर्णै

उत्तर : आपल्या बोटांनी बरोबर ओळखले. पित्तातले पित्तक्षार हे खरोखरच अपमार्जक, म्हणजे साबणासारखे मेद विरघळवणारे पदार्थ आहेत. त्यांच्या रेणूची एक बाजू पाण्याकडे, तर दुसरी मेदाकडे ओढ घेते. असे रेणू पेशीपटलात शिरतात आणि पुरेसे जमले, की तेथील मेदरेणूंना सोबत घेऊन बारीक गोळ्यांच्या रूपात पाण्यात निघून जातात. ताटाचा ओशटपणा साबणाने जातो तोही असाच.

परंतु सगळी पटले सारख्या मेदांची नसतात. यकृतपेशीच्या ज्या कडेने पित्त बाहेर पडते, तेथील पटलात कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोमायलिन विशेष असतात. मेदरेणूंना लांब शेपट्या असतात; स्फिंगोमायलिन या मेदाच्या शेपट्या बहुधा संपृक्त, म्हणून सरळ असतात, आणि त्यांच्यामधल्या फटी कोलेस्टेरॉल भरून काढते. पाटीत बांगडे एका दिशेने दाटीने रचले, तर मध्ये बोट शिरत नाही. वाकड्या शेपट्यांच्या असंपृक्त मेदांचे पटल मात्र कसेही ओतलेल्या बांगड्यांसारखे सैल असते. प्रयोगशाळेत पेशीपटलांवर ट्रायटन एक्स-१०० हे अपमार्जक ४ अंश सेल्सिअसला वापरले, तर दाट बांधणीचे तुकडे न विरघळता उरतात. ३७ अंशांना त्यांतील बरेचसे विरघळतात.

तरीही केवळ बांधणीवर यकृत तगत नाही. ते पित्तात फॉस्फॅटिडिलकोलिन हा फॉस्फोलिपिड प्रकारचा मेदही सोडते. पित्तक्षार त्याच्याशी मिसळून राहतात आणि पटलावरील त्यांचा मारा सौम्य होतो. हा मेद पित्तात पोहोचवणाऱ्या प्रथिनाचा जनुक उंदरांमध्ये निकामी केल्याचा प्रयोग १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला: त्या उंदरांच्या पित्तात फॉस्फोलिपिड जवळजवळ उरले नाही, आणि यकृताला इजा झाली. हा सारा तपशील सस्तन प्राण्यांवरील अभ्यासाचा आहे. सुरमईचे पित्तक्षार थोडे निराळे असले, तरी त्यांचा साबणी गुण तोच.

जाता जाता, पित्त लागलेला तुकडा नुसता धुऊन कढईत टाकू नये. हिरवा झालेला भाग कापूनच काढावा, नाहीतर कालवण कडू होते.