जुन्या थडग्यावर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीतल्या चाच्याचे नाव आढळले, तर तोच त्या पात्राचा मूळ पुरुष मानावा का?

केवळ नाव जुळते म्हणून असे मानू नये. कादंबरीतल्या चाच्यांची सिल्व्हर, गन, बोन्स ही खरी इंग्रजी आडनावे आहेत आणि बंदरांजवळच्या जुन्या दफनभूमींत ती योगायोगानेही सापडू शकतात. मृत्यूचे वर्ष 1881 च्या, म्हणजे स्टीव्हन्सन यांनी कादंबरी लिहायला घेतली त्या वर्षाच्या आधीचे असले, तरी ते थडगे किंवा त्या माणसाची हकिगत त्यांच्यापर्यंत पोहोचल्याचा पुरावा लागतोच, आणि माझ्या मते अशा बहुतेक दाव्यांचा पाया इथेच ढासळतो.

खरे धागे दगडापेक्षा छापील पानांत सापडतात. कादंबरीत ज्याचे नाव एका चाच्याला दिले आहे, तो इस्रायल हँड्स हा अठराव्या शतकातील कुख्यात चाचा ब्लॅकबिअर्ड याचा प्रत्यक्ष साथीदार होता. 1724 मध्ये लंडनला निघालेल्या चाच्यांच्या चरित्रग्रंथात ब्लॅकबिअर्डने त्याच्या गुडघ्यात गोळी घातल्याची आणि पुढे तो लंडनमध्ये भीक मागत असल्याची हकिगत आहे. त्याच ग्रंथात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांच्या यादीत बेंजामिन गन हे नावही येते, आणि बेटावर एकाकी सोडलेल्या बेन गनशी त्याचे नाते जोडण्यास ते पुरेसे सूचक आहे.

थडग्याचा निःसंशय दाखला हवा असेल, तर तो चाच्याचा नाही: कादंबरीतील खाणावळीला ज्यांचे नाव आहे, ते ॲडमिरल बेनबो 1702 मध्ये वारले आणि जमैकातील किंग्स्टनच्या चर्चमध्ये त्यांना पुरण्यात आले. एका पायाचा चाचा लाँग जॉन सिल्व्हर याच्या बाबतीत तर नावाचा शोध व्यर्थच आहे, कारण पाय गमावलेले कवी डब्ल्यू. ई. हेन्ली यांच्यावरून हे पात्र सुचल्याचे स्टीव्हन्सन यांनी स्वतः हेन्ली यांना पत्रातून कळवले होते.