सहा वर्षांच्या गॅपनंतर इंटरव्ह्यू

प्रश्न: ताई, मी जीएनएम, म्हणजे डिप्लोमा केलेली नर्स आहे, मुलगी झाली तेव्हा जॉब सोडला, आता सहा वर्षांनी नाशिकच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये इंटरव्ह्यू आहे आणि पोटात गोळा आलाय. गॅपबद्दल विचारलं तर काय सांगू?

उत्तर: अगं सरळ सांग, मुलगी लहान होती म्हणून थांबले, आता नाइट जमत असेल तर तेही सांग. रडगाणं नको नि माफी तर अजिबात नको. आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना बघ, दर 5 वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि नेमकं तेच राहून गेलेलं असतं. बाकी मेट्रन (मुख्य नर्स) विचारतात ते रोजच्या कामातलंच. मला विचारलेलं, 500 एमएल सलाईन 4 तासात द्यायचंय, 20 थेंबांचा सेट (म्हणजे 20 थेंबांचा 1 एमएल), मिनिटाला किती थेंब? मी गप्प! 500 गुणिले 20, भागिले 240 मिनिटं, म्हणजे साधारण 42, हे घरी आल्यावर भाजी चिरताना आठवलं. सीपीआर (हृदय बंद पडलं तर) 30 वेळा छाती दाबली की 2 श्वास, कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग (रक्ताळलेला कापूस पिवळ्यात, सलाईनची नळी लालमध्ये) तोंडपाठ कर. आणि पगार, ड्युटीचे तास तूच विचार, लाजू नकोस.