धुऱ्याचं भांडण बायकांनी मिटवायला जावं का?

तुम्ही विचारलंय की भावकीतल्या दोन घरांत धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, कोरण्यावरून वाद पेटलाय, पेरणी तोंडावर आहे, तर बचत गटाच्या बायकांनी मध्ये पडावं का आणि कसं.

जरूर पडावं. फक्त कुऱ्हाड-काठी निघाली असेल तर आधी पोलीस पाटील आणि ठाणं. बायकांना ढाल करू नका.

धुऱ्यावरचं गवत बायाच कापतात. बाभूळ कुठे होती, हद्दीचा दगड कुठे होता, ट्रॅक्टर कोणत्या साली आत घुसला, हे दोन्ही घरच्या म्हाताऱ्या पावलागणिक दाखवतात. म्हणून पहिली बैठक कुणाच्या ओसरीवर नको, धुऱ्यावरच घ्या. दोन्ही घरच्या दोघी-दोघी, शिवाय गटातल्या दोघी, पण त्या तिसऱ्याच भावकीतल्या. सोबत सातबारा, गट नकाशा, दोरी. धुरा 660 फूट लांब आणि एक फूट कोरला असेल तर गेले 660 चौरस फूट. गुंठा 1,089 चा असतो. म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडं जास्त. हिशेब समोर झाला की "सगळं रान खाल्लं" ही भाषा थांबते.

दोरीने हद्द मात्र ठरत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, दोघांनी मिळून, फी निम्मी-निम्मी. एकट्याने आणलेली मोजणी दुसरा मानत नाही आणि वाद निमताना मोजणीपर्यंत, म्हणजे पहिल्या मोजणीवर हरकत घेऊन वरच्या अधिकाऱ्याकडून होणाऱ्या फेरमोजणीपर्यंत, लांबतो. उभ्या पिकात मोजणी अडते, तेव्हा यंदा दोन्हीकडून दोन-दोन तासं (पेरणीच्या ओळी) पडीक सोडून पेरायचं ठरवा. ते तंटामुक्त समितीच्या नोंदवहीत लिहून घ्या. खातेदारांच्या सह्यांखाली साक्षीदार म्हणून दोन्ही घरच्या बायांच्या सह्या हव्यातच. नांगरटीला शब्द फिरला तर त्याच घरातून अडवणारं कुणीतरी असतं.

वाद वहिवाटीच्या रस्त्याचा असेल तर समेटाच्या नादात मुदत घालवू नका. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खालचा अर्ज रस्ता अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे जावा लागतो.

वाटणीच्या वादात मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. भाऊ एक होतात ते बहिणीकडून हक्कसोड घेऊन, आणि तिला समजवायला गटाच्याच बायका पाठवल्या जातात. ते काम घेऊ नका. वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाइतकाच वाटा 1994 च्या राज्य कायद्याने आणि 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने दिलाय. तिला खरंच सोडायचा असेल तर ती एकटी असताना विचारा, आणि दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नोंदणी नसलेल्या हक्कसोडीवर केलेला फेरफार टिकत नाही. भाच्यांच्या काळात तेच भांडण पुन्हा उभं राहतं.