मोफत चित्रपट-प्रशिक्षण आणि ‘कथा सांगून बरे होणे’ : मी जावे का?

तुम्ही लिहिले आहे की तुमच्या समाजाची माणसे पडद्यावर क्वचितच दिसतात आणि दिसली तरी ती दुसऱ्यांनी रंगवलेली असतात. अशा लोकांसाठी असलेल्या एका मोफत चित्रपट-प्रशिक्षणाची जाहिरात तुम्हाला दिसली. कॅमेरा कधी हाताळला नसला तरी जावेसे वाटले, पण ‘आपली कथा सांगा आणि बरे व्हा’ हे वाक्य वाचून मन बिचकले. मी बरीच वर्षे अशा कार्यशाळांमध्ये संकलन, म्हणजे चित्रणाची काटछाट आणि जुळणी, शिकवते आहे. माझे मत असे की जरूर जावे, मात्र ते बिचकणे अनाठायी आहे असे मानू नये.

दुःख सांगितले की मन हलके होते, ही समजूत अर्धीच खरी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितले होते. लिहून झाल्यावर त्यांना बरे वाटण्याऐवजी अधिक वाईट वाटले. मात्र घटना आणि तिच्याविषयीच्या भावना या दोन्हींबद्दल ज्यांनी लिहिले, त्यांच्या आरोग्यकेंद्रातील फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी राहिल्या. याउलट, आघात झाल्यानंतर लगेच माणसाला एकदाच समोर बसवून सगळे बोलायला लावण्याची जी पद्धत पूर्वी रूढ होती, तिने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसले आणि आता ती वापरू नये असाच सल्ला दिला जातो. म्हणजे नुसत्या सांगण्यात औषध नाही. कधी, किती, कोणापुढे आणि कोणाच्या इच्छेने सांगायचे, यावर सारे अवलंबून असते. पहिल्याच दिवशी वर्तुळात बसवून प्रत्येकाकडून ‘सर्वांत कठीण प्रसंग’ वदवून घेणाऱ्या प्रशिक्षकापासून म्हणूनच सावध राहावे.

चित्रपटाचे वेगळेपण माझ्या मते कॅमेऱ्यात कमी आणि संकलनाच्या मेजावर अधिक आहे (संकलक असल्यामुळे हे मत पक्षपाती असू शकते). आमच्या एका प्रशिक्षणार्थी बाईंनी स्वतःच्या दीर्घ आजारपणाबद्दल जवळजवळ पन्नास मिनिटे बोलून ध्वनिमुद्रण केले होते. पहिल्यांदा ते ऐकताना त्या उठून बाहेर गेल्या, आणि आम्ही दोन दिवस त्या फाइलला हात लावला नाही. नंतर त्यांनी एकेक वाक्य स्वतः काढून टाकायला सुरुवात केली. शेवटी चार मिनिटांचा जो लघुपट उरला, त्यात आजाराचे नाव एकदाही येत नाही. आहे ते फक्त एक बंद दार आणि जिन्यावरची पावले, जी आधी दाराशी थांबत असत आणि पुढेपुढे न थांबता वर जाऊ लागली. जे आपल्यावर ओढवले, ते कोठून सुरू करायचे, कोठे तोडायचे आणि काय मुळीच दाखवायचे नाही, हे ठरवण्याचा अधिकार तेवढ्या चार मिनिटांपुरता तरी त्यांच्याकडे आला होता. बरे होणे म्हणतात ते मी पाहिले असेल तर एवढेच, आणि ते कमी नाही.

हा अधिकार फार पूर्वी ओळखला गेला होता. १९६७ साली कॅनडातील फोगो बेटावर कॉलिन लो यांनी मच्छीमारांसोबत २७ छोटे चित्रपट केले, तेव्हा चित्रण आधी त्या माणसांनाच दाखवले जाई आणि नको असलेला भाग वगळण्याची मुभा त्यांना असे. बेट रिकामे करून लोकांना दुसरीकडे हलवण्याचा विचार तेव्हा चालू होता. एकमेकांशी फारसे न बोलणाऱ्या वस्त्यांनी परस्परांचे म्हणणे पडद्यावर ऐकले, ते सरकारपर्यंतही पोहोचले, आणि बेट रिकामे झाले नाही. श्रेय एकट्या चित्रपटांचे नाही, कारण मच्छीमारांची सहकारी संस्थाही त्याच काळात उभी राहिली. त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ साली, अमेरिकेतील अ‍ॅरिझोनात दोन अभ्यासक मेंढ्या पाळणाऱ्या नव्हाहो या तिथल्या मूळनिवासी लोकांना चित्रपट शिकवायला गेले असता, पारंपरिक उपचार करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी त्यांना विचारले होते की याने मेंढ्यांचे काही नुकसान होईल का, आणि ‘नाही’ हे उत्तर मिळाल्यावर, मग काही भले होईल का. त्याचेही उत्तर ‘नाही’ आल्यावर त्यांनी विचारले, मग चित्रपट करायचे कशाला? हा प्रश्न प्रशिक्षकाला तुम्हीही विचारू शकता.

‘मोफत’ या शब्दाकडेही थोडे निरखून पाहावे. प्रशिक्षणाचा खर्च कोणीतरी करत असतो आणि त्या देणगीदाराला बहुधा वार्षिक अहवालात दाखवायला रडणारे चेहरे हवे असतात. (सगळेच असे नसतात.) म्हणून संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते घरी नेऊन वाचावे. चित्रपटाचा हक्क कोणाचा, कच्चे चित्रण कोणाकडे राहणार, सहा महिन्यांनी मन बदलले तर प्रदर्शन थांबवता येईल का, आणि तुमच्या कथेत येणाऱ्या घरच्या माणसांची संमती कोण घेणार, हे त्यात लिहिलेले असावे. तोंडी आश्वासन पुरेसे नाही. प्रवासखर्च, जेवण आणि बुडालेली मजुरी यांचा विचार केलेला नसेल, तर असे प्रशिक्षण ज्यांच्यासाठी म्हणून काढले त्यांनाच ते परवडत नाही.

कॅमेरा येत नाही याची काळजी मात्र सोडून द्या. साध्या फोनवर चित्र चांगले येते. नवशिक्यांचे चित्रपट पडतात ते आवाजामुळे. त्यामुळे जाण्यापूर्वी शांत खोलीत, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरून, तुम्हाला अजिबात न दुखवणाऱ्या एखाद्या गोष्टीबद्दल दोन मिनिटे बोलून मुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. पहिला चित्रपटही अशाच विषयावर करू द्यावा, असे प्रशिक्षकाला सांगा. दुखरी गोष्ट दुसऱ्या किंवा पाचव्या चित्रपटात आली तरी चालते, आणि ती कधीच आली नाही तरीही संकलन तुम्हाला येतच असेल.